निद्राश्वसनविकार आणि रक्तशर्करेचे नियमन

निद्राश्वसनविकार आणि रक्तशर्करेचे नियमन यांचा परस्परसंबंध हा निद्रावैद्यक आणि मधुमेहशास्त्र या दोन शाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. झोपेत श्वास वारंवार उथळ होणे किंवा काही काळ पूर्णपणे थांबणे अशा विकारांना एकत्रितपणे निद्राश्वसनविकार म्हणतात. स्लीप ॲप्निया या नावाने परिचित असलेला अवरोधी निद्राश्वासरोध हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा विकार होय. हा विकार असलेल्या व्यक्तींमध्ये इन्सुलिनप्रतिरोध, पूर्वमधुमेह आणि टाइप २ मधुमेह यांचे प्रमाण अधिक आढळते. उलटपक्षी, टाइप २ मधुमेह असलेल्या अनेकांना निद्राश्वासरोधही असतो, परंतु त्याचे निदान बहुधा झालेले नसते. लठ्ठपणा हे दोन्ही विकारांचे समान कारण आहे. तथापि केवळ लठ्ठपणाने हा संबंध पूर्णपणे उलगडत नाही. श्वासरोधावर उपचार केल्यास रक्तातील साखर सुधारते का, या प्रश्नावर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

## संज्ञा आणि प्रकार

जागेपणी घशातील स्नायू ताठ राहून श्वासमार्ग मोकळा ठेवतात. झोप लागताच हे स्नायू सैलावतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो, जिभेचा मागचा भाग जाड असतो, टॉन्सिल वाढलेले असतात किंवा मानेभोवती मेद साठलेला असतो, त्यांचा श्वासमार्ग अशा वेळी अंशतः किंवा पूर्णतः मिटतो. अंशतः मिटलेल्या मार्गातून हवा जाताना टाळू व पडजीभ थरथरतात आणि घोरण्याचा आवाज येतो. मार्ग पूर्ण मिटला की आवाज थांबतो. छाती व पोट श्वासासाठी धडपडत राहतात. पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटू लागतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू पुन्हा ताठ होतात आणि मोठा सुस्कारा किंवा गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास सुरू होतो. हे चक्र रात्रभर चालते. झोपलेल्या व्यक्तीला सकाळी त्याची आठवण क्वचितच असते.

श्वास किमान १० सेकंद थांबल्यास त्यास श्वासरोध म्हणतात. हवेचा प्रवाह तितकाच काळ लक्षणीयरीत्या कमी होऊन प्राणवायूची पातळी घसरल्यास किंवा झोप मोडल्यास त्यास अल्पश्वसन म्हणतात. झोपेच्या दर तासाला अशा घटना सरासरी किती होतात, यावरून श्वासरोध-अल्पश्वसन निर्देशांक काढला जातो. प्रौढांसाठी त्याची प्रचलित वर्गवारी पुढीलप्रमाणे आहे :

* ५ पेक्षा कमी – सामान्य
* ५ ते १५ पेक्षा कमी – सौम्य
* १५ ते ३० पेक्षा कमी – मध्यम
* ३० व त्याहून अधिक – तीव्र

मध्यवर्ती निद्राश्वासरोध हा दुसरा प्रकार होय. त्यात श्वासमार्ग मोकळा असतो, परंतु मेंदूकडून श्वसनस्नायूंना आज्ञाच जात नाही. हृदयविकार, पक्षाघात आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांच्याशी त्याचा संबंध आहे. अतिलठ्ठ व्यक्तींमध्ये श्वसन सातत्याने अपुरे पडून रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, तेव्हा त्यास स्थूलताजन्य अल्पवायुवीजन म्हणतात. रक्तशर्करेच्या संदर्भात सर्वाधिक संशोधन अवरोधी प्रकारावर झाले असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यासंबंधी आहे.

## इतिहास

चार्ल्स डिकन्स यांच्या ‘द पिकविक पेपर्स’ (१८३६–३७) या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. तो कोणतेही काम करताना झोपी जातो. १९५६ साली अमेरिकन वैद्य बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिलठ्ठ व सतत पेंगणाऱ्या एका रुग्णाचे वर्णन करताना या पात्रावरून ‘पिकविकियन सिंड्रोम’ हे नाव वापरले. पत्ते खेळताना हाती उत्तम पाने आलेली असूनही झोप लागल्यामुळे तो डाव साधू शकला नाही, आणि याच प्रसंगानंतर तो रुग्णालयात दाखल झाला. त्या काळी या पेंगण्याचे कारण रक्तात साचलेला कार्बन डायऑक्साइड मानले जाई. झोपेतच श्वासमार्ग पुनःपुन्हा बंद होतो, ही गोष्ट १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिली.

१९७६ मध्ये क्रिस्तियान गिलेमिनो आणि सहकाऱ्यांनी अवरोधी निद्राश्वासरोधाची स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून मांडणी केली. त्या काळी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे हाच खात्रीचा उपचार होता. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सीपॅप या नावाने ती आज जगभर वापरली जाते. शस्त्रक्रियेविना श्वासरोध थांबवता येऊ लागल्यामुळे तो थांबवल्यावर शरीरातील चयापचयात काय बदलते, हे तपासणेही शक्य झाले. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या दोन विकारांच्या संबंधावर सहमती-निवेदन प्रसिद्ध केले. एका विकाराचा रुग्ण समोर आल्यास दुसऱ्याचाही विचार करावा, असे आवाहन त्यात करण्यात आले होते.

## निरोगी झोपेतील शर्करानियमन

रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या न्याहारीपर्यंतचा काळ हा एक उपवासच असतो. तरीही निरोगी व्यक्तीच्या रक्तातील साखर या काळात फारशी घसरत नाही. जागेपणी इतकाच वेळ उपाशी राहिल्यास ती हळूहळू कमी होत जाते. झोपेत मात्र मेंदू व स्नायू ग्लुकोज कमी वापरतात, आणि यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून व अन्य घटकांपासून ग्लुकोज तयार करून पुरवठा चालू ठेवते.

झोपेचे टप्पेही या समतोलात भाग घेतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ, मंदतरंगी झोप अधिक असते. या काळात वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते, कॉर्टिसॉल कमी राहते आणि हृदयाची गती मंदावते. स्वप्नांशी निगडित असलेली जलदनेत्र झोप उत्तररात्री वाढते. पहाटेकडे कॉर्टिसॉल वाढू लागते आणि शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते. सकाळी उठल्यावर मोजलेली उपाशीपोटीची साखर ही या साऱ्या रात्रीची जणू बेरीज असते. म्हणूनच रात्रीचा क्रम बिघडला, तर आदल्या रात्रीचे जेवण मोजकेच असूनही ती वाढलेली दिसू शकते.

## संबंधामागील यंत्रणा

### प्राणवायूची खंडित टंचाई

निद्राश्वासरोधात प्राणवायूची पातळी रात्रभर खाली-वर होत राहते. गळ्यातील मुख्य धमनीजवळ असलेल्या संवेदी ग्रंथिका हा बदल टिपतात आणि अनुकंपी चेतासंस्थेला, म्हणजे संकटकाळी शरीराला सज्ज करणाऱ्या चेतायंत्रणेला, उत्तेजित करतात. त्यातून ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके स्रवतात. त्यांच्या प्रभावाखाली यकृत अधिक ग्लुकोज सोडते, स्वादुपिंडातील इन्सुलिनचा स्राव दबतो आणि मेदपेशींतून मुक्त मेदाम्ले रक्तात येतात. ही मेदाम्ले स्नायूंना ग्लुकोज घेण्यास अडथळा करतात. धावण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी जे इंधन रक्तात यावे, ते अंथरुणावर निश्चल पडलेल्या माणसाच्या रक्तात येते आणि वापराविना तेथेच राहते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये १३ निरोगी स्वयंसेवकांना जागेपणीच पाच तास अशी खंडित प्राणवायूटंचाई दिली. एवढ्या अल्प काळात त्यांची इन्सुलिनसंवेदनशीलता सुमारे १७ टक्क्यांनी घटली. स्वयंसेवक जागे असल्यामुळे झोपमोडीचा या परिणामाशी संबंध नव्हता. प्राण्यांवरील प्रयोगांत गळ्यातील संवेदी ग्रंथिकांच्या चेता तोडल्यावर प्राणवायूटंचाईचा हा चयापचयी परिणाम बराचसा टळल्याचे दिसले.

### झोपेचे तुकडे

प्रत्येक श्वासरोधाचा शेवट बहुधा क्षणिक जागृतीने होतो. परिणामी एकूण झोप सात-आठ तासांची भरली, तरी तिच्यातील गाढ टप्पे कमी पडतात. शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले गेले. त्यांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता लक्षणीयरीत्या घटली. २००८ मध्ये त्याच विद्यापीठातील संशोधकांनी झोपेचे एकूण तास कमी न करता, केवळ आवाज ऐकवून गाढ झोप हलकी करण्याचा प्रयोग नऊ निरोगी तरुण व्यक्तींवर केला. आवाज असा बेतलेला होता की झोपणारा पूर्ण जागा होऊ नये. तीन रात्रींनंतर त्यांची इन्सुलिनसंवेदनशीलता सुमारे २५ टक्क्यांनी घटली, आणि ही घट भरून काढण्याइतका इन्सुलिनचा स्राव मात्र वाढला नाही. झोपेच्या कालावधीइतकेच तिच्या गाढपणालाही महत्त्व आहे, हे या प्रयोगाने स्पष्ट झाले.

### संप्रेरके, दाह आणि मेद

वारंवार होणाऱ्या जागृतीमुळे अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉलचा क्रमही बदलू शकतो. कॉर्टिसॉल इन्सुलिनच्या कार्याला विरोध करते. प्राणवायू कमी होऊन पुन्हा वाढण्याच्या चक्रातून पेशींना हानिकारक असे मुक्त मूलक तयार होतात आणि दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात वाढतात. त्यांमुळे स्नायू, यकृत व मेदपेशी इन्सुलिनला कमी प्रतिसाद देतात. स्वादुपिंडातील बीटा पेशींना या चक्रामुळे इजा होत असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. शिवाय अपुऱ्या झोपेनंतर भूक व गोड-स्निग्ध पदार्थांची ओढ वाढते, दिवसा थकव्यामुळे हालचाल कमी होते आणि वजन वाढते. वजन वाढले की श्वासमार्ग आणखी अरुंद होतो, आणि दुष्टचक्र पूर्ण होते.

## लोकसंख्येवरील अभ्यास

अमेरिकेतील ‘स्लीप हार्ट हेल्थ स्टडी’ या अभ्यासाच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात २,६५६ व्यक्तींची माहिती तपासली गेली. वय, वजन व कमरेचा घेर यांचा परिणाम वजा केल्यावरही निद्राश्वसनविकार आणि बिघडलेले शर्करानियमन यांचा संबंध टिकून राहिला. अमेरिकेतीलच विस्कॉन्सिन निद्रा अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच वेळी पाहिले असता त्यातही असा संबंध दिसला. परंतु निरोगी व्यक्तींचा चार वर्षे पाठपुरावा करून, लठ्ठपणाचा परिणाम वजा केल्यावर, निद्राश्वासरोधामुळे मधुमेह नव्याने उद्भवतो असे खात्रीने सांगता आले नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ८,६७८ प्रौढांचा दीर्घ काळ पाठपुरावा करण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीव्र श्वासरोध असलेल्यांमध्ये मधुमेहाचा धोका, श्वासरोध नसलेल्यांच्या तुलनेत, सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला.

मधुमेही व्यक्तींमध्ये निद्राश्वासरोध किती आढळतो, याचे लक्षवेधी उत्तर अमेरिकेतील ‘स्लीप अहेड’ या अभ्यासाने २००९ मध्ये दिले. टाइप २ मधुमेह व लठ्ठपणा असलेल्या ३०६ व्यक्तींची झोपेत तपासणी केली असता ८६ टक्क्यांहून अधिक व्यक्तींचा निर्देशांक ५ किंवा त्याहून अधिक निघाला. हा गट लठ्ठ व्यक्तींचाच असल्याने हे प्रमाण सर्व मधुमेहींना लागू होत नाही. मात्र अशा रुग्णांत हा विकार अपवादात्मक नसून बहुसंख्यांना असू शकतो, हे त्यावरून दिसते.

## मधुमेहाचा श्वसनावर परिणाम

हा संबंध एकाच दिशेने जाणारा नाही. दीर्घकालीन मधुमेहात स्वायत्त चेतासंस्थेला इजा होते. श्वसनाचे नियंत्रण आणि घशातील स्नायूंचा ताण या दोहोंत चेतांचा सहभाग असल्याने अशी इजा झालेल्या रुग्णांत निद्राश्वासरोध अधिक आढळतो. मधुमेहाच्या दुष्परिणामांपैकी दृष्टिपटलाचे आणि मूत्रपिंडाचे विकार हेही निद्राश्वासरोध असलेल्या मधुमेहींमध्ये अधिक आढळल्याचे अनेक अभ्यासांत नमूद आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या शरीरात साचलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर पायांकडून मानेकडे सरकते आणि घसा अरुंद करते, हेही त्यामागील एक कारण मानले जाते.

## भारतातील स्थिती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ या सर्वेक्षणानुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोकांना पूर्वमधुमेह असल्याचा अंदाज आहे. निद्राश्वासरोधासंबंधीचा भारतातील आरंभीचा महत्त्वाचा अभ्यास मुंबईत झाला. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांना निद्राश्वसनविकार, तर ७.५ टक्के पुरुषांना दिवसा पेंग येण्यासह लक्षणयुक्त निद्राश्वासरोध असल्याचा अंदाज निघाला. हे पुरुष आजारी म्हणून आलेले नव्हते. ते नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आले होते.

भारतीय संदर्भात लठ्ठपणाची व्याख्याही विचारात घ्यावी लागते. पुण्यातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून, वरकरणी सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरात मेदाचे प्रमाण युरोपीय व्यक्तींच्या तुलनेत अधिक असते, ही बाब पुढे आली. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ इतकाच होता. परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होता. आशियाई लोकांसाठी वजनाच्या मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खालच्या पातळीवर ठरवल्या जातात, त्यामागे अशीच निरीक्षणे आहेत. आशियाई लोकांत जबड्याची व चेहऱ्याच्या हाडांची ठेवणही श्वासमार्ग अरुंद असण्यास कारणीभूत ठरू शकते. त्यामुळे ‘लठ्ठ नाही, म्हणजे श्वासरोध नाही’ हे अनुमान भारतीयांच्या बाबतीत विशेष फसवे ठरते.

घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे, ही समजूतही निदान लांबण्यास कारण होते. मोठ्याने घोरणाऱ्या व्यक्तीला ‘पडल्या पडल्या झोप लागते’ असे कौतुकाने म्हटले जाते, किंवा तिची थट्टा होते. प्रत्यक्षात घोरणे आणि मधूनच पडणारी शांतता यांचे आलटून पालटून येणे हे श्वासमार्ग मिटत असल्याचे चिन्ह असू शकते. झोपणाऱ्याला स्वतःला हे कळत नसल्याने शेजारी झोपणाऱ्या कुटुंबीयांचे निरीक्षण निदानात मोलाचे ठरते.

## लक्षणांतील साम्य आणि निदान

दोन्ही विकारांची अनेक लक्षणे सारखी असल्याने एकाची लक्षणे दुसऱ्याच्या नावावर जमा होतात.

* रात्री वारंवार लघवीला उठणे – मधुमेहात जास्तीची साखर मूत्रावाटे जाताना पाणीही नेते. निद्राश्वासरोधात बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतील दाब घटतो, हृदयाचा उजवा कप्पा ताणला जातो आणि त्यातून मूत्राचे प्रमाण वाढवणारे संप्रेरक स्रवते. साखर आटोक्यात असूनही हा त्रास कायम राहिल्यास श्वासरोधाचा विचार केला जातो.
* रात्री घाम येणे व सकाळी डोके दुखणे – ही लक्षणे निद्राश्वासरोधात आढळतात. तशीच ती इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे रात्री साखर फार उतरल्यासही आढळतात. दोन्ही शक्यता तपासणे आवश्यक असते.
* दिवसभर थकवा व पेंग – हा थकवा बहुतेकदा साखरेमुळे किंवा वयोमानामुळे आला असे मानले जाते. वाहन चालवताना येणारी डुलकी जिवावर बेतू शकते.
* उच्च रक्तदाब – अनेक औषधे घेऊनही न उतरणारा रक्तदाब हे निद्राश्वासरोधाचे महत्त्वाचे सूचक चिन्ह आहे.

प्राथमिक चाळणीसाठी ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची प्रश्नावली वापरली जाते. घोरणे, थकवा, इतरांनी पाहिलेला श्वासरोध, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि लिंग या बाबींचा तीत समावेश आहे. दिवसाची पेंग मोजण्यासाठी मरे जॉन्स यांनी ऑस्ट्रेलियात तयार केलेली एपवर्थ श्रेणी १९९१ पासून वापरात आहे. मात्र श्वासरोध असलेल्या प्रत्येकालाच पेंग येते असे नाही. निश्चित निदान निद्राप्रयोगशाळेतील पॉलिसोम्नोग्राफी या तपासणीने होते. तीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, श्वासप्रवाह, छाती-पोटाची हालचाल, प्राणवायूची पातळी आणि हृदयाचे ठोके यांची रात्रभर नोंद केली जाते. योग्य रुग्णांत घरी करता येणारी मर्यादित तपासणीही पुरेशी ठरते. निद्राश्वासरोधाचे निदान झालेल्या व्यक्तीची उपाशीपोटीची साखर किंवा मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी करणे इष्ट मानले जाते.

## उपचार आणि रक्तशर्करा

### सीपॅप

सीपॅप यंत्र मुखवट्यावाटे दाबाखाली हवा सोडते. ही हवा घशाला आतून आधार देते. मध्यम व तीव्र श्वासरोधावर हा प्रमुख उपचार असून त्याने घोरणे, पेंग व रात्रीची प्राणवायूटंचाई कमी होते. रक्तशर्करेवरील त्याचा परिणाम मात्र वादाचा आहे.

जर्मनीत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४० रुग्णांच्या अभ्यासात दोन दिवसांच्या वापरानंतरच इन्सुलिनसंवेदनशीलता सुधारल्याचे दिसले. लठ्ठ रुग्णांत ही सुधारणा कमी होती. याउलट २००७ मध्ये ब्रिटनमधील ४२ मधुमेही पुरुषांवरील तीन महिन्यांच्या तुलनात्मक चाचणीत एचबीए१सीमध्ये किंवा इन्सुलिनप्रतिरोधात फरक आढळला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही सहा महिन्यांनंतर एचबीए१सी बदलले नाही. त्याच वर्षी स्पेनमधील ५० मधुमेही रुग्णांच्या चाचणीत मात्र सहा महिन्यांनी एचबीए१सीमध्ये घट दिसली.

या विसंगतीचे एक संभाव्य कारण म्हणजे यंत्र प्रत्यक्ष वापरले जाण्याचा कालावधी. मुखवटा अडचणीचा वाटल्याने अनेक रुग्ण तो मध्यरात्रीनंतर काढून ठेवतात. जलदनेत्र झोप उत्तररात्री अधिक असते, त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वाधिक सैल असतात आणि तेव्हाचे श्वासरोध अधिक लांबतात. पहिले चार तास मुखवटा लावून नंतर काढणाऱ्या व्यक्तीचा श्वास नेमका या काळात पुन्हा असुरक्षित होतो. मधुमेही रुग्णांच्या एका अभ्यासात एचबीए१सीचा संबंध मुख्यतः जलदनेत्र झोपेतील श्वासरोधाशीच आढळला. शिकागोमधील २०१५ च्या प्रयोगाने या तर्कास पुष्टी दिली. पूर्वमधुमेह असलेल्या व्यक्तींना दोन आठवडे प्रयोगशाळेत झोपवून रोज रात्री पूर्ण आठ तास सीपॅप दिले असता त्यांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता सुधारली.

सीपॅप हा मधुमेहावरील औषधांचा पर्याय नाही. तसेच केवळ साखर उतरली नाही म्हणून सीपॅप निरुपयोगी ठरत नाही; पेंग, रक्तदाब आणि जीवनमान यांवरील त्याचा लाभ साखरेवर अवलंबून नसतो.

### वजन कमी करणे

दोन्ही विकारांवर एकाच वेळी परिणाम करणारा उपाय म्हणजे वजन घटवणे. ‘स्लीप अहेड’ अभ्यासात लठ्ठ मधुमेहींपैकी एका गटाला आहार व व्यायामाचा सघन कार्यक्रम देण्यात आला. एका वर्षात या गटाचे वजन सरासरी सुमारे ११ किलोग्रॅमने घटले आणि श्वासरोधही लक्षणीयरीत्या कमी झाला. श्वासरोध पूर्णपणे नाहीसा झालेल्यांचे प्रमाण तुलनागटाच्या तिपटीहून अधिक होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अन्य एका अमेरिकन चाचणीत केवळ सीपॅप, केवळ वजनघट आणि दोन्ही एकत्र अशा तीन गटांची तुलना झाली. इन्सुलिनप्रतिरोध वजन घटवणाऱ्या दोन्ही गटांत कमी झाला, केवळ सीपॅप घेणाऱ्यांत झाला नाही.

टिर्झेपटाइड हे मूळचे टाइप २ मधुमेहावरील इंजेक्शन होय. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत लठ्ठपणा व मध्यम ते तीव्र श्वासरोध असलेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या व्यक्तींमध्ये त्याने वजन आणि श्वासरोध दोन्ही मोठ्या प्रमाणात घटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लठ्ठ प्रौढांमधील मध्यम ते तीव्र श्वासरोधासाठी त्यास मान्यता दिली. वजन झपाट्याने घटत असताना इन्सुलिन किंवा इन्सुलिनचा स्राव वाढवणाऱ्या गोळ्यांची मात्रा तीच राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून मात्रेचा फेरविचार वैद्यकीय सल्ल्याने करावा लागतो.

### अन्य उपाय

सौम्य व मध्यम श्वासरोधात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे दंतसाधन उपयोगी पडते. उताणे झोपल्यावरच श्वास अडकत असल्यास कुशीवर झोपण्याने फरक पडतो. मद्य आणि काही झोपेची औषधे घशाचे स्नायू अधिक सैल करतात. झोप लागत नाही म्हणून स्वतःहून घेतलेली गोळी अशा रुग्णास अपायकारक ठरू शकते. लहान मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल व ॲडिनॉइड काढणे हा प्रमुख उपचार आहे.

## स्त्रिया आणि गरोदरपण

निद्राश्वासरोध हा दीर्घकाळ पुरुषांचा आजार समजला गेला. स्त्रियांमध्ये मोठ्या घोरण्याऐवजी थकवा, निद्रानाश, डोकेदुखी किंवा उदासपणा ही लक्षणे पुढे येतात आणि मूळ विकार झाकला जातो. रजोनिवृत्तीनंतर त्याचे प्रमाण वाढते. इन्सुलिनप्रतिरोधाशी निगडित असलेल्या पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममध्येही तो अधिक आढळतो. गरोदरपणात वजनवाढ व नाकातील सूज यांमुळे श्वासमार्ग अरुंद होतो. गरोदर स्त्रियांमधील निद्राश्वसनविकाराचा गर्भावस्थेतील मधुमेहाशी आणि उच्च रक्तदाबाशी संबंध अभ्यासांत दिसून आला आहे. गरोदरपणात नव्याने सुरू झालेले घोरणे म्हणूनच तपासणीच्या वेळी सांगण्यासारखी बाब मानली जाते.

## हे सुद्धा पहा

* मधुमेह
* इन्सुलिन
* लठ्ठपणा
* घोरणे
* झोप
* उच्च रक्तदाब